परातीएवढी ओल

सूर्यभान पाटलाने गावातलं राहतं घर विकलं, तेही धान्यवसुलीच्या कारकुनाला आणि एवढ्या स्वस्तात, तेव्हाच इंदूला खटकायला हवं होतं. पण अकरा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढलेल्या बाईच्या हातात स्वतःच्या घराची किल्ली आली की तिची अक्कल काही दिवस गहाणच पडते. राहुरीच्या घरमालकिणीने तिच्या पाण्याच्या घागरी मोजल्या होत्या. संगमनेरची तर जात्याच्या आवाजावरून भांडायला उठायची. आता सोनईपासून दोन कोसांवरच्या या गावात तिचं स्वतःचं घर होतं, माजघर होतं, परसात आळीभराची विहीर होती. चव्वेचाळीसच्या दसऱ्याला तिने उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि मनसोक्त रडून घेतलं.

तिचा नवरा सुमंत गावातल्या सरकारी गोदामावर होता. लढाईचे दिवस. सरकार प्रत्येक शेतकऱ्याकडून ठरलेली ज्वारी लेव्ही म्हणून उचलत होतं, आणि कुणाच्या शेतात किती पिकलं, कुणी किती घालायची, हे सुमंत लिहायचा. माणूस सरळ म्हणून त्याची ख्याती होती. कुणी पेरूची टोपली दारात ठेवून गेलं तर ती स्वतः उचलून परत देऊन यायचा. इंदूला त्याचा अभिमान होता आणि विहिरीवरच्या बायकांना तो रोज ऐकावा लागायचा.

घर सोडताना पाटलाने एक अट तेवढी घातली होती.

"माजघराच्या त्या कोपऱ्यात आमच्या मूळपुरुषाची जागा हाय, वैनी. दर अवसेला हळदकुंकू वाहायला येत जाईन. तेवढ्याला न्हाई म्हनू नका."

देवाच्या कामाला नाही कोण म्हणणार? इंदूने उलट त्याला गुळपाणी दिलं.

पहिल्यांदा शंका आली ती सारवताना. ती दर सोमवारी माजघर शेणाने सारवायची. बाकीची जमीन तासाभरात खडखडीत वाळायची, पण कोपऱ्यातली परातीएवढी गोल जागा दुपार टळली तरी ओलीच. वाळली की तिच्या कडेने बारीक भेग पडायची, कुणी दोऱ्याने आखल्यासारखी. इंदूने भेग बुजवली. पुढच्या सोमवारी ती पुन्हा हजर. मूळपुरुष पुरला असेल तर गोल कशाला पुरतील? आणि मुळात पुरलंय काय? बाईच्या मनात एकदा किडा शिरला की तो बाहेर काढायला कुणाची टाप आहे! तिने त्या कोपऱ्यातला पाट उचलला, देव्हाऱ्याची जागा बदलली, आणि येताजाता तिकडे चोरून बघू लागली.

शेजारच्या गोजरबाईला विचारावं म्हणून तिने परसातून हाक मारली. गोजरबाई चार बिघ्यांची मालकीण, विधवा, एकटी राबणारी. जन्म याच आळीत गेलेला.

"गोजरबाई, या घरात आधी काही वावगं झालं होतं का हो?"

"मोठ्या घरच्या गोष्टी, बाई. आमाला काय ठावं!" असं म्हणून ती जी वळली ती गेलीच.

संक्रांतीलाही ती ओसरीवरूनच तिळगूळ घेऊन परतली होती, माजघरात पाऊल टाकलं नव्हतं. हे आता इंदूला आठवलं. म्हणजे हिलाही ठाऊक आहे. हीही पाटलाचीच माणूस. त्या दिवसापासून इंदू तिच्याकडचं विरजणसुद्धा घेईनाशी झाली.

चैत्रात मात्र मन जरा हलकं झालं. सुमंत आपणहून म्हणाला, "आईकडे जाऊन ये. चांगली दहा दिवस राहा." लग्नाला अकरा वर्षं झाली, हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. ती आनंदाने माहेरी गेली आणि लोणच्याची बरणी घेऊन परत आली.

पुढच्या अवसेला पाटील आला. नारळ बाजूला ठेवला आणि हात जोडायच्या आधी कोपऱ्यातल्या जमिनीवर तळहात दाबून पाहिला. मग तो तळहात नाकाशी नेला. इंदू दाराआडून बघत होती.

"वैनी, हितं सारवताना पानी बेतानं. मूळपुरुषाला ओल सोसत न्हाई."

देवाला रोज आंघोळ घालतात, अभिषेक करतात. पाण्याला भिणारा देव इंदूने आजवर ऐकला नव्हता.

तिने सुमंतला सगळं सांगितलं. तो हसला. "श्रद्धाळू माणूस आहे गं. तुला घरात दुसरी कामं नाहीत का?"

किती भोळा आहे आपला नवरा, असं तिला वाटलं.

वैशाखातल्या एका सकाळी विहिरीवर बायकांची कुजबुज चालली होती. जिल्ह्याचा साहेब चावडीवर मुक्कामाला आलाय. लपवलेली पेवं शोधतोय. काल एका वस्तीवर गोठ्याखाली पेव सापडलं, पुरुषभर खोल, ज्वारीने भरलेलं, आणि मालकाला बेड्या घालून नेलं.

इंदू घागर तिथेच ठेवून घरात आली. पेव! गोल तोंड, वर दगडी झाकण, झाकणावर माती आणि शेण. खाली दगड, मग पाणी जिरणार कुठे? म्हणूनच ओल. पाटलाने आपलं जुनं धान्य वसुलीच्या कारकुनाच्या घराखाली ठेवून दिलं होतं, कारण या घराची झडती कोण घेणार? आणि घेतलीच, तर बेड्या पाटलाच्या हातात पडणार नव्हत्या. घर सुमंतच्या नावावर होतं.

सुमंत जेवायला यायच्या आत खात्री करून घ्यायला हवी होती. एकटीने झाकण हलणार नव्हतं. नाइलाजाने ती गोजरबाईच्या दारात गेली.

"पहार घेऊन या. काही विचारू नका."

गोजरबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पहार घेतली. माजघरात आल्यावर तिला कोपरा दाखवावा लागला नाही. चार घावांत झाकण मोकळं झालं. आतून उबट, कोंदट वास वर आला. इंदू वाकणार तोच गोजरबाईने तिला मागे ओढलं.

"मरायचंय का, बाई? पेवाचा वारा मानूस मारतो. आदी दिवा सोडा."

दोरीला बांधून सोडलेला दिवा फप्पकन विझला. दोघी भिंतीला टेकून बसून राहिल्या. तिसऱ्या खेपेला दिवा तेवत राहिला आणि उजेडात ज्वारी दिसली, हातभर खाली, जवळजवळ तोंडापर्यंत भरलेली.

"मेल्याने माझ्या नवऱ्याच्या गळ्याला फास लावून ठेवला होता," इंदू म्हणाली.

गोजरबाईने मूठभर दाणे काढले, हुंगले, दोन दाताखाली फोडले.

"बाई, ही औंदाची हाय."

"म्हणजे?"

"ह्याच फाल्गुनात खळ्यावरनं उठलेली. जुनी ज्वारी पेवात पिवळी पडती, तिला वास मारतो. हिला अजून रानाचा वास हाय."

इंदूने मनातल्या मनात महिने मोजले. घर घेतलं दसऱ्याला. खळी झाली फाल्गुनात. मग ही ज्वारी तिच्या माजघरात आली कधी? एवढी पोती आणायची, ओतायची, झाकण बसवायचं, वरून सारवायचं. पाटलाकडे किल्ली नव्हती. किल्ल्या दोनच होत्या. एक तिच्या कमरेला होती. चैत्रातले दहा दिवस ती माहेरी लोणचं घालत बसली होती.

"मला वाटलं, तुमाला ठावं हाय," गोजरबाई हळूच म्हणाली. "समद्या आळीला तसंच वाटतं. माज्या खळ्यावरनं निम्मा दाना उचलला तुमच्या मालकांनी. पाटलाचं म्हनं औंदा पिकलंच न्हाई. कागदावर तसं लिवलंय. त्याचा वाटा आमच्या माथी." तिने मुठीतले दाणे परत पेवात टाकले, पहार उचलली आणि निघून गेली.

सुमंत बाराच्या सुमाराला आला. पेव बघितलं. त्याने विचारलं नाही हे काय आहे. मागे वळून त्याने आधी पुढचं दार लावलं.

"कोणी पाहिलं?"

"गोजरबाईंनी."

"तिला दोन पायल्या ज्वारी देऊन टाकू," तो म्हणाला. "गप्प बसेल."

पेरूच्या टोपल्या परत करणारा हाच माणूस! इंदूला त्याचा राग नंतर आला. आधी स्वतःची लाज वाटली, अकरा वर्षं मिरवलेल्या अभिमानाची.

"अहो, याच ज्वारीपायी तिचं निम्मं खळं गेलं. साहेबांकडे चला. आपण होऊन सांगा."

"वेडी आहेस? नोकरी जाईल, तुरुंगात जाईन. हे घर जाईल. तुलाच हवं होतं ना घर? भाड्याच्या खोलीत रोज कोण रडत होतं?" त्याने पाट मांडला. "वाढ आता. आणि जेवण झालं की झाकण बसवून सारवून टाक."

"तुम्ही नाही गेलात तर मी जाईन."

तो खरंच हसला. "चावडीवर? तू?"

त्याचं बरोबरच होतं. त्यांच्या घरातली बाई चावडीच्या बाजूच्या रस्त्यानेसुद्धा जात नसे. इंदूने त्याचं पान वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि डोक्यावरून पदर घेऊन परसदाराने बाहेर पडली.

चावडीवर पंधरा-वीस पुरुष बसले होते. ती पायऱ्या चढली तसे पुढचे दोघे बाजूला सरकले. साहेब टेबलाशी लिहीत होता. त्याने वर बघितलं.

"काय काम आहे, बाई?"

"एका घरात पेव आहे. भरलेलं."

"कुणाच्या घरात?"

"आमच्याच."

साहेबाने नवा कागद पुढे ओढला, टाक दौतीत बुडवला. "घर कुणाच्या नावावर आहे? पूर्ण नाव सांगा."

नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नसतं. इंदूने ते लग्नात एकदा घेतलं होतं, उखाण्यात, सगळ्या बायकांनी आग्रह केला तेव्हा, लाजून. त्यानंतर कधीच नाही. साहेब थांबला होता. सगळी चावडी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"सुमंत," ती म्हणाली. मग आवाज जरा चढवून तिने पूर्ण सांगितलं, "सुमंत नारायण नेवासकर."

साहेबाने ते लिहून घेतलं.