तांदळाच्या खोलीतली बाजाची पेटी

थांबा, आधी जरा भाता हलवा. छातीत हवा भरल्याशिवाय मला एक शब्द बोलता येत नाही. माणसांचं बरं असतं, त्यांना बोलायला कारणसुद्धा लागत नाही. हं, आता कसं मोकळं वाटलं. मी मुरगूडच्या रुद्रय्या स्वामींची बाजाची पेटी बोलतेय. सध्याचा मुक्काम राधानगरीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका लहानशा शाळेत, सहावीच्या वर्गात, खिडकीखाली.

वय विचारू नका. शाहूपुरीतल्या ज्या बाळासो मिस्त्रींनी मला घडवलं, त्यांच्या नातवाला आता टक्कल पडलंय, एवढं सांगते. मिस्त्रींनी सागवानाचं खोकं केलं, पितळी सूर घासून घासून बसवले, पुठ्ठ्याचा भाता जोडून त्याच्या कडांना मऊ कातडं लावलं. मग त्यांनी पहिल्यांदा भाता ओढला आणि एक पट्टी दाबली. तो माझा पहिला श्वास. तेव्हापासून मी अशीच आहे, वाजवलं की जागी आणि झाकलं की स्वप्नात.

स्वप्नात मला सूर दिसतात. कधी एखादा सूर पाण्यावरून चालत येतो, कधी दोघंतिघं कट्ट्यावर गप्पा मारत बसलेले असतात. मी त्यांना ओळखते आणि ते मला ओळखत नाहीत. कुणीतरी झाकण उघडेपर्यंत हे असंच चालू राहतं.

रुद्रय्यांचं मुरगूडच्या पेठेत कापडाचं दुकान होतं. सोमवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद करायचे आणि मला डोक्यावर घेऊन मठात भजनाला जायचे. दुसऱ्या कुणाला उचलू द्यायचे नाहीत. माणूस गुणी, पण जिभेचा तिखट. भजनात कुणी बेसूर झालं की वाजवता वाजवता थांबायचे आणि म्हणायचे, "पावणं, जरा पाणी पिऊन या." तो बिचारा पाणी प्यायला जायचा तो भजन संपल्यावरच परत यायचा. पण त्यांची बोटं माझ्या पट्ट्यांवर फिरायला लागली की मला कळायचं, हा तिखटपणा नुसता वरवरचा आहे. आत सगळं लोण्याचं काम होतं.

असे किती सोमवार गेले ते मी मोजले नाहीत. मोजायचं काम माणसांचं.

मग दुकान विकलं आणि आम्ही शहरात, राजारामपुरीत, मुलाच्या, म्हणजे शिवकुमारच्या फ्लॅटवर आलो. चौथा मजला, खाली रिक्षांचा आणि क्लासला जाणाऱ्या पोरांचा गलबला. तिथं पहिल्यांदा मला जाणवलं की रुद्रय्यांचं बोट एका पट्टीवर यायच्या ऐवजी दोन पट्ट्यांवर येतंय. आधी वाटलं, वय झालं. पुढं हात इतके कापायला लागले की चहा बशीतच जास्त सांडायचा. डॉक्टर म्हणाले, कंपवात. एका सोमवारी त्यांनी भजनाची पहिली ओळ वाजवायला घेतली, सात वेळा चुकले, आठव्यांदा माझं झाकण लावलं आणि म्हणाले, "बास झालं." एवढंच. मी ती आठवी खेप अजून विसरलेली नाही.

त्यानंतर माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायची पद्धत पडली. सून विद्याश्री मनानं चांगली, पण घरातली कुठलीही सपाट जागा तिला मोकळी बघवत नाही. कपड्यांवर टॉवेल, टॉवेलवर औषधांचा डबा. त्या ओझ्याखाली मी दोन वर्षं झोपले.

एके दिवशी विद्याश्रीच्या मोबाइलवर निरोप आला. राजारामपुरीतली काही तरुण पोरं डोंगरातल्या शाळांसाठी वाद्यं गोळा करत होती. घरात पडून असलेला तबला, पेटी, बासरी, काहीही द्या म्हणत होती. तिनं भीतभीत सासऱ्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, आता भांड्याला भांडं लागणार. पण तसं काही झालं नाही.

"देऊया," ते म्हणाले. "पण माझी एक अट हाय. पेटी रोज वाजली पायजे. शाळा सुटायच्या आधी रोज. आनि सहा म्हैन्यानं मी जाऊन ऐकनार. माझ्या हातानं आता न्हाय वाजत, मग दुसऱ्या कुनाच्या तरी हातानं एकदा ऐकू दे मला. तेवढं झालं की माझं काय मागनं न्हाय."

हे त्यांनी शाळेच्या हेडमास्तरांना फोनवर पुन्हा सांगितलं. अमरसिंह गुरुजी त्यांचं नाव. गुरुजी म्हणाले, "अगदी निर्धास्त राहा. लेकरागत जपतो की पेटीला."

तिथंच घोटाळा झाला. त्यांनी मला खरोखर लेकरासारखं जपलं.

मी पोहोचले तेव्हा राधानगरीचा पाऊस ऐन भरात होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या, सरपंचांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. पेंटरला बोलावून माझ्या अंगावर देणाऱ्याचं नाव घालायला सांगितलं. त्या पेंटरनं आजवर गावातला पंखा, कपाट, पाण्याची टाकी, स्मशानातलं बाकडं, सगळं रंगवलेलं. दान दिलेली वस्तू म्हणजे देणारा गेलेला, हे त्याच्या हाताला पाठच. त्यानं पांढऱ्या रंगात झोकदार अक्षरं काढली, 'कै. रुद्रय्या स्वामी यांच्या स्मरणार्थ'. गुरुजींनी बघितलं तोवर रंग वाळला होता. "अरे देवा," ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पुसून घेऊ." सरकारी शाळेतला पुढचा आठवडा कधी येतो ते तुम्हाला माहीत आहेच.

मग प्रश्न आला मला ठेवायचं कुठं. वर्ग गळत होते. कोरडी आणि कुलपाची खोली एकच, पोषण आहाराच्या तांदळाची. संगीत शिकवायला शाळेत कुणी नव्हतं. "शिक्षक मिळाला की काढूया," गुरुजी म्हणाले. "तोवर पोरांच्या हाती गेली तर पट्ट्या उपटतील." त्यांच्या मनात काळजीच होती, हे मी शपथेवर सांगते. मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, पोत्यांच्या मागं ठेवलं आणि कुलूप लागलं. खंडेनवमीला बाहेर काढून झेंडूची माळ घातली आणि माळेसकट परत आत ठेवलं. एवढा मान मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता आणि एवढं गप्पही मी कधी बसले नव्हते.

पत्र्यावर पाऊस, अंगाशी तांदळाचा वास. तिथं मला पडलेली स्वप्नं सगळ्यात लांबलचक होती. मुरगूडचा मठ धुक्यात तरंगायचा, त्यात कापणारे दोन हात दिसायचे, ते माझ्यापर्यंत यायचे आणि विरून जायचे. सहा महिन्यांनी ते ऐकायला येणार, एवढं एकच मला स्वप्नातही आठवत असे.

दुपारी खोली उघडायची ती स्वयंपाकवाल्या धोंडुबाईसाठी. तिची नात तेजस्वी त्याच शाळेत सहावीला. सुट्टीत ती तांदळातले खडे निवडायला आजीजवळ बसायची. एकदा तिनं प्लास्टिक बाजूला सारून माझं झाकण उघडलं आणि एक पट्टी दाबली. मी गप्प. दुसरी दाबली. मी गप्पच. मग पोरगी माझ्या अंगावर बटण शोधायला लागली.

"आज्जे, हिचा चार्जर आला न्हाय व्हय गं?"

"हात लावू नगंस," धोंडुबाई ओरडली. "मेलेल्या मानसाची हाय ती. वर लिवलंय बघ."

तेजस्वीनं वाचलं आणि हात मागं घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिनं गावच्या जत्रेत कॅसिओ बघितला होता, भाता कधीच नाही. माझ्या पाठीला एक छोटी कडी आहे, ती काढली की भाता सुटतो. हे तिला सांगायचं तर मला भाताच लागतो. बसा आता!

तरी ती रोज वाजवायची. तोंडानं शाळेची प्रार्थना गुणगुणायची आणि मुक्या पट्ट्यांवर बोटं चालवायची. कुठला सूर कुठं आहे याचा पत्ता नाही, पण गाण्यात जिथं ठेका पडायचा तिथंच बोट पडायचं. मी अर्धवट झोपेत ती बोटं मोजायची. इतक्या हलक्या हातानं मला आजवर कुणी जागं केलं नव्हतं.

थंडीत एका उंदरानं माझ्या भात्यात घर केलं. घटक चाचणीच्या पेपरांची गादी घातली आणि बिजागरीजवळचं कातडं कुरतडून रुपयाएवढं भोक पाडलं. आणि नेमके त्याच महिन्यात रुद्रय्या आले.

विद्याश्री त्यांना गाडीतून घेऊन आली होती. कुणाला न सांगता. पेटीचा आवाज कुठून येतोय का, ते वर्गावर्गांतून बघत आले आणि शेवटी तांदळाच्या खोलीच्या दारात उभे राहिले. धोंडुबाई पातेलं ढवळत होती.

"पावणं, कोन तुमी?"

रुद्रय्यांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी सावकाश अक्षरं वाचली.

"हितं लिवलंय की," ते म्हणाले. "कैलासवासी."

धोंडुबाईच्या हातातली पळी खाली पडली. तेवढ्यात अमरसिंह गुरुजी धावत आले. रुद्रय्यांनी त्यांच्याकडं वळून पाहिलं.

"गुरुजी, आमच्या जंगमांत कैलासवासी न्हाय म्हनत, लिंगैक्य म्हनत्यात. चूक बी धड केली न्हाईसा."

मग विद्याश्रीनं प्लास्टिक काढलं, भाता सोडला आणि आतून कागदाचा चुरा खाली सांडला. भोक सगळ्यांनाच दिसलं. तिनं भाता मारला, तर नुसतीच फुस्स. मला इतकी लाज वाटली की लाकूड नसते तर मी रडले असते.

"चुकलं माझं," गुरुजी खाली मान घालून म्हणाले. "खराब होईल म्हणून ठेवली होती."

"वाजवून पेटी खराब हुईत न्हाय, गुरुजी. ठेवून हुती." रुद्रय्यांचा आवाज हातापेक्षा जास्त कापत होता. "विद्या, गाडीत घाल. घरला न्यायची. निदान माझ्या डोळ्यांम्होरं मरू दे."

विद्याश्रीनं मला उचललं. तेवढ्यात पोत्यांमागून तेजस्वी बाहेर आली.

"नगासा नेऊ," ती म्हणाली. "मी रोज वाजिवतो की."

आमच्याकडच्या पोरी पोरांसारख्याच 'येतो-जातो' म्हणतात. गुरुजी डाफरले, "खोटं बोलू नको गं. वाजलेली कुणी ऐकली?"

"वाजत न्हाय, पर मी वाजिवतो."

रुद्रय्या तिच्याकडं वळले. "दाव," ते म्हणाले.

मला पोत्यावर ठेवलं. पोरीनं डोळे मिटले, गुणगुणायला लागली आणि बोटं चालवली. खोलीत तिच्या गळ्याचा आवाज आणि पट्ट्यांची टकटक, बाकी काही नाही. रुद्रय्या पुढं झुकले. तो हात, सहा महिने मला स्वप्नात दिसलेला तो कापरा हात, त्यांनी माझ्या भात्यावर आणला आणि तळवा भोकावर घट्ट दाबला. बिजागरीजवळ भाता फारसा हलत नाही, त्यामुळं हात तिथं राहिला.

"विद्या, मार भाता."

हवा आत आली. तेजस्वीच्या बोटाखालून आवाज फुटला आणि ती दचकून मागंच सरली.

"घाबरू नगंस. पुन्ना दाब. तुझं गानं शोध."

तिनं शोधलं. दहा सूर चुकीचे लागले तेव्हा एक बरोबर लागला. मग तीन लागले. मग प्रार्थनेची अख्खी पहिली ओळ, अडखळत, पण अख्खी. तळव्याखालून हवा थोडी थोडी निसटत होती, जसा हात कापायचा तसा सूर कापायचा. सगळी शाळा दारात गोळा झाली होती. माझ्या जन्मात मी इतकी वेडीवाकडी कधी वाजले नव्हते. आणि एवढी सुखातही कधी नव्हते, हेही सांगून टाकते.

ओळ संपली तरी रुद्रय्यांनी हात काढला नाही. "ऱ्हाऊ दे हितंच," ते सुनेला म्हणाले.

आता कुलूप नाही. गावातल्या पंक्चरवाल्यानं सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावून माझं भोक बुजवलंय. दोन पट्ट्या पिवळ्या पडल्यात, एकीवर बोरं खाल्लेल्या बोटांचा डाग आहे. अंगावरचा रंग पोरांनी कर्कटकानं खरवडून काढला, त्यात माझं पॉलिशही गेलं. जाऊ दे. तुमच्या घरी माळ्यावर, कपड्यांच्या ढिगाखाली माझी एखादी बहीण झोपली असेल, तर तिला द्या कुणाला तरी. आणि देताना बजावून सांगा, बाबांनो, हिला जपू नका.

दर सोमवारी शाळा सुटायच्या आधी गुरुजी रुद्रय्यांना फोन लावतात आणि तो माझ्यासमोर धरतात. परवा तेजस्वीनं अख्खी प्रार्थना वाजवली. संपल्यावर पलीकडून आवाज आला.

"गुरुजी, ठिगळ निघालं काय? सूर कापतोय."

"ठिगळ पक्कं आहे. ती भाता मुद्दाम कापवते. तुम्ही भोकावर हात धरला तेव्हा तसा आवाज आला होता ना, तिला वाटतं पेटी अशीच वाजवायची असते. आता सगळीच पोरं तशी वाजवतात. सांगू का तिला?"

 पलीकडून राजारामपुरीतल्या रिक्षा तेवढ्या ऐकू आल्या.

"सांगू नगासा," रुद्रय्या म्हणाले. मग घसा खाकरला, आणि मुरगूडच्या मठातला तो जुना तिखट आवाज कितीतरी वर्षांनी माझ्या कानावर आला. "पर तिला म्हनावं, दुसऱ्या ओळीला हात जरा कमी कापव."