एकवीस मुली

लुंबिनीचा शोधनिबंध परिषदेसाठी निवडला गेल्याची मेल आली, तेव्हा अतुल रामटेके स्वयंपाकघरात कणीक मळत होता. "घेतला त्यांनी! अरे, घेतला!" ती बाहेरून ओरडली. नववीतल्या उन्नतीने "मम्मी, कमाल यार!" म्हणत तिला मिठी मारली. अतुलनेही हात धुऊन "अभिनंदन" म्हटलं. म्हटलं खरं, पण हसू काही केल्या चेहऱ्यावर नीट बसेना.

लोकसंख्येचा अभ्यास हा मुळात त्याचा विषय. भंडाऱ्याहून पंधरा वर्षांपूर्वी तो दिल्लीला आला तो सरकारी सांख्यिकी कार्यालयातल्या नोकरीवर, आणि आल्याआल्या त्याने पीएचडीला नाव नोंदवलं. समुद्रातल्या मासेमारीचे नियम बदलले की किनाऱ्यावरच्या गावांतून माणसं कुठे जातात, हे त्याला शोधायचं होतं. त्याचा लेख तीन नियतकालिकांनी परत पाठवला. तिसऱ्यांनी तर एकच ओळ लिहिली होती, की यात नवीन काही नाही. त्यानंतर त्याने त्या कागदांना हात लावला नव्हता.

लुंबिनी गाझियाबादच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवायची. द्वारकेहून वैशालीपर्यंत मेट्रोने रोजचा सव्वा तास जाणं आणि सव्वा तास येणं. त्या प्रवासात मांडीवर कागद ठेवून तिने चार वर्षांत दोनशे चाळीस विद्यार्थिनींची माहिती जमवली. बुंदेलखंडातून, बिहारमधून, कुठून कुठून आलेल्या या मुली नर्सिंगचं शिक्षण अर्धवट का सोडतात, हा तिचा प्रश्न. नमुना कसा निवडायचा, टक्केवारी कशाची काढायची, हे सगळं तिला अतुलनेच जेवणाच्या टेबलावर शिकवलं होतं. तेच त्याला जास्त झोंबत होतं. सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, "मॅडम ने तो नाम रोशन कर दिया! आप भी कुछ लिखते थे ना?" त्यातलं 'थे' अतुलच्या डोक्यातून दोन दिवस जाईना.

परिषद गुरुवारी होती. आधीच्या रविवारी दुपारी लुंबिनीने लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. "एकदा आकडे बघून घे ना. शिवांगीने भरलेत, पण तुझी नजर पडली की मी निर्धास्त."

शिवांगी तिची कॉलेजातली सहकारी. अतुलने आकडे बघायला घेतले ते चूक सापडावी म्हणूनच. आणि अर्ध्या तासात सापडली. साठ मुलींनी शिक्षण सोडलं, म्हणजे दर चौथ्या मुलीने, असा लुंबिनीचा निष्कर्ष होता. पण त्या साठांपैकी एकवीस जणींच्या नावापुढे 'ट्रान्सफर' असा शेरा होता. त्या दुसऱ्या कॉलेजात गेल्या होत्या, शिकत होत्या. भरताना सगळ्या एकाच रकान्यात पडल्या होत्या. खरा आकडा एकोणचाळीस होता, म्हणजे साधारण सहातली एक.

लुंबिनी बाल्कनीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिथूनच तिने विचारलं, "काय रे, ठीक आहे ना सगळं?"

"ठीक आहे," अतुल म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

गुरुवारी तो रजा घेऊन गेला. तिसऱ्या रांगेत बसला. लुंबिनीने निळी साडी नेसली होती आणि ती जराही अडखळत नव्हती. "दर चौथी मुलगी," ती म्हणाली, तशी सभागृहातली माणसं आकडा टिपून घेऊ लागली. अतुल वाट बघत होता, की आता कुणीतरी उठेल, विचारेल. एका गृहस्थांनी वसतिगृहांबद्दल विचारलं, एका बाईंनी भाषेच्या अडचणीबद्दल. आकड्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मग पडद्यावर आभारांचं शेवटचं पान आलं. त्यावर लिहिलं होतं, 'आकडेवारी तपासून दिल्याबद्दल माझे पती अतुल रामटेके यांचे आभार.' लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोघातिघांनी मागे वळून त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं.

अध्यक्ष कुमुद मॅडम म्हणाल्या, "हा 'दर चौथी'चा आकडा आपण सरकारला जाणाऱ्या अहवालात घालू या."

चहाच्या वेळी लुंबिनीभोवती घोळका जमला. अतुल खांबाशी उभा राहून बघत होता. अजूनही त्याला वाटत होतं, छापून येऊ दे, मग पकडेल कुणीतरी, मग कळेल हिला. पण आता त्या आकड्याखाली त्याचंही नाव होतं. त्याला तिची काळजी वाटली की स्वतःची, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने तिला बाजूला बोलावलं आणि सांगून टाकलं.

लुंबिनीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला कधी दिसलं हे?"

"रविवारी."

"मी विचारलं तेव्हा?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

तक्ता घाईत पाहिला, तुला ऐन वेळी टेन्शन नको म्हणून, अशी दोनतीन उत्तरं त्याने योजून ठेवली होती. पण "जळलो मी तुझ्यावर," तो म्हणाला.

तिने कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि ती सरळ कुमुद मॅडमकडे गेली. अतुलला ऐकू येत होतं. "मॅडम, माझ्या तक्त्यात चूक आहे. एकवीस मुली सोडून गेल्या नाहीत, दुसरीकडे गेल्या. आकडा सहाला एक असा येतो." त्याचं नाव तिने घेतलं नाही.

"सहाला एक म्हणजे तरी काय थोडं आहे?" कुमुद मॅडम म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंस. पण मग या एकवीस गेल्या कुठे?"

लुंबिनी म्हणाली, "ते मी बघितलं नाही. बघते."

पुढचे पंधरा दिवस तिने फोन करण्यात घालवले. एकवीसपैकी सतरा मुली वसतिगृह असलेल्या कॉलेजात गेल्या होत्या. फी जास्त, गाव लांब, तरी राहायच्या सोयीसाठी गेल्या होत्या. ही गोष्ट आधीच्या सगळ्या टक्केवारीपेक्षा मोठी होती, आणि अहवालात तिला वेगळं प्रकरण मिळालं. उन्नतीकडून हे कळलं तेव्हा अतुलला ते पुन्हा तसंच झोंबलं. माणसं कुठून कुठे जातात, हा तर त्याचाच प्रश्न होता. त्या एकवीस नावांकडे तो अर्धा तास बघत बसला होता, आणि त्याला त्यात फक्त बायकोची चूक दिसली होती.

घरात भांडण झालं नाही. स्वयंपाक, उन्नतीची ट्यूशन, विजेचं बिल, सगळं बोलणं पूर्वीसारखंच चालू राहिलं. फक्त लॅपटॉप त्याच्यासमोर येणं बंद झालं. नव्या प्रकरणाचे आकडे शिवांगीने दोनदा तपासले.

एका शनिवारी सकाळी लुंबिनी टेबलाशी ते प्रकरण पुरं करत बसली होती. अतुलने तिच्यासाठी चहा आणून ठेवला आणि तो तिथेच घोटाळला.

"मला दाखवशील?" त्याने विचारलं.

तिने मान वर केली, त्याच्याकडे नीट पाहिलं. रागाने नव्हे. "छापून आल्यावर वाच," ती म्हणाली आणि पुन्हा लिहू लागली.