वर केलेला हात

अन्सेल्मोकाकांच्या वाढदिवसाला मी त्यांना आधी मिशनमध्ये नेलं, पाद्र्यांनी आमच्या पूर्वजांकडून बांधून घेतलेल्या जुन्या मठात. आमची पणजी तिथल्या चर्चसमोरच्या अंगणात पुरलेली आहे. दगड नाही, खूण नाही, नुसती हिरवळ. काका दरवर्षी आपल्या टॉर्टियाचा, म्हणजे मक्याच्या भाकरीचा, पहिला तुकडा तिच्यासाठी त्या गवतावर ठेवतात.

तेवढ्यात एक गाइड पर्यटकांचा घोळका घेऊन आला. "ह्या भिंती बांधणारे आदिवासी पार नामशेष झाले," तो म्हणाला. "आज त्यांच्यातलं कुणीच उरलेलं नाही."

काकांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "अहो, मी आहे की!"

"प्रश्न शेवटी, आजोबा," तो गोड हसला.

काका हात वर धरून थांबले. गाइड सगळं सांगून घोळक्यासकट निघूनही गेला.

"त्याच्या कानाखाली जाळ काढू का?" मी म्हटलं.

"किती जणांच्या काढशील, पोरी? जन्मभर हेच ऐकतोय."

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मग प्राणिसंग्रहालयात नेलं. तिथे जाळीमागे एक म्हातारा करकोचा एका पायावर उभा होता. पाटीवर लिहिलं होतं, 'जगात फार थोडे उरलेत. यांना जपा.'

काकांनी पाटी दोनदा वाचली. "ह्याची निदान मोजदाद तरी झाली," ते म्हणाले. "आपण पिंजऱ्यात नव्हतो, तिथेच चुकलं."

आणि जाळीसमोर त्यांनी पुन्हा हात वर केला.

मागून एका बाईचा आवाज आला, "आजोबा, हात खाली घ्या ना जरा. फोटोत येतोय."

काकांनी हात खाली घेतला.