जास्तीचा हायड्रोजन

तेलात किती दुहेरी बंध आहेत ते मोजायची महिपतरावांची पद्धत जुनी होती. बाटलीत तेल आणि मिथेनॉल, त्यात पॅलेडियमची चिमूटभर काळी भुकटी, वरून हायड्रोजन. जेवढे बंध, तेवढा हायड्रोजन तेल पिणार. हायड्रोजन मोजणाऱ्या ब्युरेटमधली पातळी थांबली की आकडा वहीत लिहायचा. मानपाड्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी हेच काम तीस वर्षं केलं होतं.

त्या दुपारी मात्र पातळी थांबेना. हिशेबाने चौऱ्याण्णव मिलिलिटरवर थांबायला हवी होती. शंभर झाले, एकशे दहा झाले.

"काका, कुठंतरी गळतंय," पायल म्हणाली. तिने प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही. "मग पितंय कोण? भूत?"

ती हसली. महिपतराव हसले नाहीत. बाटली हलवणाऱ्या यंत्राशेजारी पूर्वी मदतनीस रतन उभा असायचा, पायलचा बाप. सहा वर्षांपूर्वी तो याच खोलीत भाजून गेला होता. पोरगी शिकली आणि केमिस्ट होऊन इथेच लागली. ती आल्यापासून महिपतरावांना भर दुपारी त्या कोपऱ्यात कुणी खाकरल्यासारखं वाटे.

"उद्या सुरक्षा सप्ताहाचं भाषण तुमचंच ना?" पायलने विचारलं. "मी पण बसू?"

भाषणात दरवर्षी एकच गोष्ट असायची. ही भुकटी गाळल्यावर ओलीच ठेवायची, कोरडी झाली की हवेत आपसूक पेटते. रतनने कोरडी ठेवली. ऐकणारे चुकचुकत. उद्या त्यांच्यात त्याची मुलगी असणार होती.

एकशे तीसवर त्यांनी बाटलीकडे हायड्रोजन सोडणारा कॉक बंद केला. पातळी तरीही एक रेघ सरकली.

पायल बाटलीतली भुकटी गाळायला फनेलपाशी बसली, हातात पाण्याची बाटली. "मी गाळणीचा कागद सुकूच देत नाही. आई रोज निघताना ओरडते, बापासारखी विसरू नकोस म्हणून."

"रतन विसरला नव्हता," महिपतराव म्हणाले. आवाज त्यांना परक्याचा वाटला. "त्या दिवशी मी गाळत होतो. ओल ओढून घेणारा पंप चालू ठेवून आकडा लिहायला वळलो, आणि कागद कोरडा पडला. रतन फक्त भांडी धुवायला आलेला. त्याने फनेल उचललं."

पायल बाटली दाबत राहिली. फनेल भरून पाणी टेबलावर आलं.

"तुम्ही आमच्या घरी आलेलात," ती हळूच म्हणाली. "आई बाबांच्या वतीने तुमची माफी मागत होती. तुम्ही चहा प्यायलात."

"हो."

"अन् दर वर्षी भाषण?"

"उद्या सगळ्यांसमोर खरं सांगतो."

"उद्याचं उद्या. आज घरी चला. मी एक शब्द बोलणार नाही, तुम्हीच बोलायचं." तिने डोळे पुसले. "आणि आई माफ करेल असं धरून येऊ नका."

संध्याकाळी विठ्ठलवाडीच्या चाळीत पायलच्या आईने, रमाबाईंनी, दार उघडलं. "अगं बाई, साहेब! पायल, खुर्ची दे गं." त्या लगबगीने आत वळल्या. "चहा टाकते."

"चहा नको, रमाबाई," महिपतराव उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "आधी ऐका. मग आत घ्यायचं की नाही, ते ठरवा."