माशांचं पथ्य

डॉ. समीक्षा उमरे यांना पेशंट नव्हते. वर्गातल्या बाकीच्यांनी यवतमाळला, पुसदला दवाखाने थाटले. त्यांच्या दारात चपलांचे ढीग पडत. समीक्षाने रोगप्रतिबंधाचा विषय घेतला आणि ती दिग्रसला तालुका आरोग्य अधिकारी झाली. तिचं काम नीट झालं की काहीच होत नसे, आणि न आलेल्या तापाचे पेढे कोणी आणून देत नाही. तिला याची सवय होती. आई मात्र फोनवर अजून विचारायची, तू खरी डॉक्टर कधी होणार.

श्रावणात जवळच्या तांड्यावर शाम राठोडला डेंग्यू झाला. तो बरा होऊन घरी आला, पण शेजारच्या लालीबाईंकडे त्यांची मुलगी शीला बाळंतपणाला आली होती. आठवा महिना. अशात तिला डेंग्यू झाला तर आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका. आणि डास वाढत होते ते लालीबाईंच्याच सिमेंटच्या टाक्यात. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, त्यामुळे टाकं रिकामं करा म्हणायची सोय नव्हती. औषधाचा वास येतो म्हणून औषध नको. झाकायला दिलेल्या जाळीवर लालीबाईंनी मुगवड्या वाळत घातल्या होत्या. शेवटी समीक्षाने आरोग्यसेवक धम्मरत्नला टाक्यात गप्पी मासे सोडायला सांगितलं. बोटाच्या पेराएवढे हे मासे डासांच्या अळ्या खातात.

पुढच्या आठवड्यात धम्मरत्नने टाक्यातलं पाणी पांढऱ्या वाडग्यात घेतलं. अळ्या वळवळत होत्या. मासे मेले असतील, असं समीक्षा म्हणाली.

"मेले नाही, मॅडम," धम्मरत्न म्हणाला. "जाड झाले."

ती स्वतः पाहायला गेली. लालीबाईंच्या बांगड्या वाजल्या तसे सगळे मासे काठाशी जमले. लालीबाईंनी कणकेच्या बारीक गोळ्या पाण्यात सोडल्या. मासे गोळ्यांवर तुटून पडले. अळ्या त्यांच्यामधून निवांत फिरत होत्या. कडुनिंबाखाली भाजी निवडत बसलेल्या शीलाने आपल्या पोटरीवर चापट मारली.

समीक्षाने अळी तळहातावर घेऊन दाखवली. तिचा डास कसा होतो, तो तापाच्या माणसाला चावून शीलाकडे काय आणू शकतो, हे सावकाश सांगितलं. लालीबाईंनी मन लावून ऐकलं.

"मले समजते बाई," त्या म्हणाल्या. "पण पोरगी दोन जिवाची हाये. अशा वक्ती घरातला कोणताबी जीव उपाशी ठेवत नसतात. त्याचा तळतळाट कोणाले लागन?"

मासे उपाशी राहणार नाहीत, अळ्या हेच त्यांचं जेवण, असं समीक्षाने सांगून पाहिलं. लालीबाईंनी अळीकडे बघून तोंड वाकडं केलं. दारी आलेल्याला असलं वाढायची त्यांच्या घरात रीत नव्हती. बाजेवरून त्यांचे यजमान नेमसिंग म्हणाले, की हल्ली आपल्याही ताटात भाकर माशांचं जेवण झाल्यावरच पडते.

समीक्षाकडे तक्ते होते, चित्रं होती, एक छोटी फिल्मही होती. त्यांत यावर काही नव्हतं. नोटीस काढू का, असं धम्मरत्नने हळूच विचारलं.

तेवढ्यात शीलाने शेजारणीने दिलेली पपईची फोड उचलली. लालीबाईंनी मागे वळून न पाहताच ती तिच्या हातातून काढून घेतली.

"याडी, एकच," शीला आईला म्हणाली.

"पथ्य म्हंजे पथ्य."

समीक्षाने हे पाहिलं. मग ती टाक्यावर वाकली आणि बराच वेळ माशांकडे बघत राहिली.

"लालीबाई, यांची तब्येत बरी नाही."

हे खरं होतं. कणकेने माशांची पोटं टम्म फुगली होती.

"कणीक बंद करा. पाण्यात असेल तेवढंच खाऊ द्या. पथ्य आहे."

लालीबाईंचा चेहरा गंभीर झाला. "मंग पयलेच काहून नाई सांगतलं? मी काय बिमाराले खाऊ घालीन का?"

पुढच्या खेपेला धम्मरत्नच्या वाडग्यात नुसतं पाणी होतं. टाक्याजवळ पोरांना फिरकायची बंदी होती. नेमसिंग भाकरीचा चुरा टाकताना सापडले, तेव्हा लालीबाईंनी त्यांना काय सुनावलं ते अख्ख्या तांड्याने ऐकलं.

दसऱ्याच्या आधी शीला बाळंत झाली. मुलगी. ताप नाही, काही नाही. बारशाला समीक्षालाही बोलावणं होतं. सगळं सुखरूप झालं ते देवीच्या कृपेने, शीलाच्या काटक अंगाने आणि ऑटोवाल्या विक्कीच्या वेळेवर येण्याने, यावर बायकांचं एकमत झालं. समीक्षानेही मान डोलावली आणि लापशी खाल्ली.

मग लालीबाई तिला टाक्याकडे घेऊन गेल्या. मासे सडपातळ आणि चपळ झाले होते.

"शीलाचं पथ्य सव्वा महिन्यानं सुटते," त्या म्हणाल्या. "याईचं कवा सोडू?"

"यांचं सुटायचं नाही. शुगरवाल्यासारखं आहे. जन्मभर."

लालीबाईंनी सुस्कारा टाकला, पण हुज्जत घातली नाही. बायकांकडे वळून त्यांनी ओळख करून दिली, "ह्या आमच्या माशांच्या डॉक्टरीनबाई."

संध्याकाळी आईचा फोन आला. तिने काही विचारायच्या आतच समीक्षाने सांगितलं, की तिला पेशंट मिळाले.

"अगंबाई. किती?"

"मोजता येत नाहीत," समीक्षा म्हणाली. "फार हलतात."