आखूड दोरी

“मशीन संपलं, साहेब,” माळीकाकांनी एकदाचं सांगून टाकलं आणि डोक्यावरची टोपी डाव्या हाताने काढली. एरवी ते उजव्या हाताने काढत. पण उजवा हात सध्या पँटच्या खिशात मुक्कामाला होता.

रुग्णालयाचे व्यवस्थापक खुर्चीत सावरून बसले. गवत कापायचं हे पेट्रोलचं यंत्र जुनं झालंय, नवीन घेऊ या, असं ते दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी काका त्यांना ऐकवत, “नवीन म्हणजे नुसता रंग, साहेब. आत काही नसतं. आणि आपल्याकडे म्हातारी माणसं येतात, त्यांना आपण बदलून देतो का? दुरुस्तच करतो ना?” हे शेवटचं वाक्य साहेबांना इतकं आवडलं होतं, की एका समारंभात त्यांनी ते स्वतःचं म्हणून वापरलं होतं. टाळ्या पडल्यामुळे ते आता त्यांचंच झालं होतं.

“काका,” साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, “आपल्याकडे म्हातारी माणसं येतात. त्यांना आपण बदलून देतो का?”

काकांना वाक्य ओळखीचं वाटलं. “माणसं वेगळी, मशीन वेगळं,” ते म्हणाले. “बटणाचं मिळतं हल्ली. दाबलं की सुरू होतं म्हणे.”

‘म्हणे’ हे नुसतं बोलायला. काका दुकानात जाऊन ते बटण स्वतः दाबून आले होते. दुकानदाराने हटकलं नसतं तर आणखी दाबलं असतं.

साहेब उठून खिडकीपाशी गेले. खाली इमारतीच्या तिन्ही बाजूंना हिरवळ पसरली होती. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा पाय टाकणारे पेशंट तिथेच पाय टाकत. वॉर्डात रडायची चोरी असलेले नातेवाईक तिथेच येऊन रडत.

“मग एक करू या का?” साहेब म्हणाले. “मशीन संपलंच आहे, तर फरशी बसवून टाकू. गाड्या लावायला जागा नाहीच. तुम्हालाही आराम.”

काका मशीन बदलायला आले होते. इथे हिरवळच बदलायला निघाली, आणि हिरवळीबरोबर माळीही. ‘आराम’ हा शब्द त्यांनी या इमारतीत खूप ऐकला होता. डॉक्टरांना दुसरं काही सुचेनासं झालं की ते हाच शब्द वापरत.

“आधी एकदा मेकॅनिकला दाखवतो,” ते घाईने म्हणाले.

“दाखवा. तोही नाही म्हणाला, तर फरशीवाल्याला बोलावतो.”

खरं सांगायचं तर मशीनला काहीच झालं नव्हतं. झालं होतं खांद्याला. दोरीला हिसका दिला की मशीनऐवजी खांदाच सुरू व्हायचा आणि रात्रभर बंद व्हायचा नाही. गवत घोट्याला लागायला लागलं, तसं काकांनी ‘प्लग खराब’, ‘पेट्रोलमध्ये पाणी’ असे यंत्राचे आजार जाहीर करायला सुरुवात केली. मशीन बिचारं मुकं. त्याने उलट साक्ष दिली नाही.

पण घरी बायको होती, आणि ती मुकी नव्हती. ती त्याच रुग्णालयात धुलाईच्या खोलीत कामाला होती. ती चादरी वाळत घालायची त्या तारा हिरवळीच्या कडेलाच होत्या. काकांनी मशीन चालवलं की कापलेलं गवत उडून ओल्या चादरींवर बसायचं. त्यांच्या संसारात भांडणाचे विषय पुष्कळ झाले, पण टिकला तो हाच. मशीनला ती ‘सवत’ म्हणायची.

“शर्ट बदला की,” त्या संध्याकाळी ती म्हणाली.

“राहू दे.”

“हात वर जात नाही म्हणून राहू दे?”

“कोण म्हणालं?”

“तुमचा भांग म्हणाला. कधीपासून डाव्या हाताने केस विंचरताय. भांग पार कानाकडे निघालाय.”

“हल्ली तशी फॅशन आहे.”

“तुमच्या डोक्यावर फॅशन करण्याइतके केस तरी आहेत का? अहो, पेशंटांना व्यायाम देतात ती खोली आहे ना. इतकी वर्षं तिच्या खिडकीसमोर गवत कापलंत. दारातून आत जायला काय होतं?”

“तिथे आजारी माणसं जातात.”

“ते रुग्णालयच आहे, अहो.”

काका पायाच्या अंगठ्याने चटई सरळ करत म्हणाले, “खांदा गेला असं कळलं, तर मला काढतील.”

“आणि मशीन गेलं म्हणालात, तर हिरवळ काढतायत. काय ते एक ठरवा.”

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. काकांचा जुना दोस्त. कुठल्याही यंत्राला आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघायचा, म्हणून त्याला सगळे ठोक्या म्हणत. त्याने मशीन चहूबाजूंनी ठोकलं. काकांनी त्याला हळूच बाजूला घेतलं.

“असं सांग, की बिघाड मोठा आहे, पण होण्यासारखा आहे. फक्त बटण बसवावं लागेल.”

“ह्याला बटण बसत नाही. तुझ्या शर्टाला बसव, वरचं तुटलंय,” ठोक्या म्हणाला आणि त्याने दोरी ओढली. पहिल्या हिसक्याला मशीन खोकलं, दुसऱ्याला धडधडून सुरू झालं. ठोक्याने ते बंद केलं आणि तो मनगट चोळत बसला. “मशीन ठणठणीत आहे. पण दोरी एवढी आखूड कशी? मी घातली तेव्हा चांगली हातभर लांब होती.”

काका आकाशात ढग बघू लागले. आकाश निरभ्र होतं.

“त्यांनीच गाठ मारलीय आतून,” वाळत घातलेल्या चादरीमागून आवाज आला.

प्रकरण जुनं होतं. त्या काळी मशीन कुणीही न्यायचं. कधी पहारेकरी, कधी ड्रायव्हर, कधी समोरचा बंगलेवाला. परत यायचं ते पातं बोथट होऊन. एका दुपारी काकांनी झाकण उघडून दोरीला गाठ मारली. आखूड दोरीने मशीन सुरू करायला असा काही हिसका लागायचा, की तो फक्त काकांच्या खांद्यात होता. इतरांनी ओढून ओढून नाद सोडला. ‘मशीन काकांचंच ऐकतं’ असं मग आख्खं रुग्णालय म्हणू लागलं. काकांनी ते कधी नाकारलं नाही. खोटं त्यात काहीच नव्हतं, फक्त एक गाठ होती. आणि आता त्याच गाठीशी त्यांची गाठ पडली होती.

“सोडू का?” ठोक्याने विचारलं. “लांब दोरी असली की हिसका लागत नाही. अंगाचा भार टाकून मागे सरकायचं. कुणीही सुरू करील.”

“कुणीही?”

“कुणीही.”

हा शब्द काकांना चादरीवर पडलेल्या गवतासारखा वाटला. झटकावा तर चिकटून बसणारा.

तेवढ्यात साहेब आले. “काय म्हणतंय मशीन? बोलावू का फरशीवाल्याला?”

ठोक्याने काकांकडे पाहिलं. तारेवरच्या चादरीही हलायच्या थांबल्यासारख्या वाटल्या. कुणा पेशंटचा नातेवाईक बाकावर चप्पल काढून वाढलेल्या गवतात पाय घालून बसला होता. काकांनी त्याच्या पायांकडे पाहिलं.

“मशीनला काही झालेलं नाही, साहेब,” ते म्हणाले. “खांदा गेलाय. माझा.” आणि हात खिशातून बाहेर काढला. बऱ्याच दिवसांनी उजेडात आल्यामुळे तो जरा ओशाळल्यासारखा दिसत होता.

साहेब त्या हाताकडे बघत राहिले. यावरचं वाक्य त्यांच्याकडे आधीपासून तयार नव्हतं.

“दोरी लांब करतो,” काका म्हणाले. “मग कुणालाही सुरू करता येईल.”

“कुणालाही म्हणजे कुणाला?” साहेबांनी विचारलं.

ठोक्याने झाकण उघडून गाठ सोडली. ती लवकर सुटली नाही. दोरी सगळी काळी पडली होती, पण गाठीच्या आतली मात्र कोरी पांढरी निघाली. चिमट्यांची पिशवी तारेला अडकवून बायको पुढे आली. आयुष्यभर ओल्या चादरी पिळलेले तिचे हात होते. तिने दोरीची मूठ धरली, मागे सरकली, आणि सवत पहिल्या हाकेला सुरू झाली.

“सवयीने होईल,” इंजिनाच्या आवाजावर ती ओरडली. तिचा चेहरा मात्र सवय कधीच झाल्यासारखा होता.

“हिचे कामाचे तास धुलाईतून थोडे इकडे घ्या, साहेब,” काका म्हणाले. “कापायचं कसं, ते मी सांगीन. म्हातारी माणसं आपण...”

“बदलून देत नाही. माहीत आहे,” साहेब म्हणाले. वाक्य परत करावं लागल्यासारखा त्यांचा सूर होता. “फरशीचं राहू द्या. पण त्या खांद्याचं काय? हल्ली खांदाही बदलून मिळतो.”

“नुसता रंग असेल, साहेब. आधी दुरुस्त होतो का बघतो.”

आता काका रोज सकाळी व्यायामाच्या खोलीत बसतात. छताच्या चाकावरून एक दोरी येते, तिच्या दोन्ही टोकांना मुठी. चांगल्या हाताने एक मूठ खाली ओढायची, की दुखरा हात वर जातो. व्यायाम घेणारी मुलगी सारखी म्हणते, “हिसका नको, काका. सावकाश.” हे कुणी त्यांना आधी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी त्यांनी अशीच दोरी धरली होती. खिडकीबाहेर मशीन सुरू झालं. बायकोने गवतात काढलेला पट्टा विळ्यासारखा वाकडा होता. काकांनी काच ठोठावून हातानेच सांगितलं, उजवीकडे. ती उजवीकडे वळली आणि कापलेलं गवत भुर्रकन उडून तिच्याच चादरींवर जाऊन बसलं.

तिने मशीन थांबवलं. चादरीवरची एक काडी उचलली आणि खिडकीकडे पाहिलं.

इतक्या वर्षांचं भांडण. काकांकडे बोलायला पुष्कळ होतं. त्यांनी खाली पाहिलं आणि मुकाट्याने मूठ ओढली. उजवा हात छातीवरून वर गेला, खांद्याशी कुरकुरला, कानापाशी येऊन थांबला. भांगापर्यंत अजून वीतभर जायचं होतं.

दोरी लांब होती.