आधी तुम्ही, आजोबा!

मित्रांनो, मी विजेच्या गाड्या चार्ज करणारा एक जुना खांब आहे. जुना म्हटल्यावर हसू नका. माझं वय अवघं पाच वर्षं, पण किर्गिझस्तानातल्या आमच्या या लहानशा गावात माझ्यासारखा दुसरा कुणी नाही. त्यामुळे थोरपणा आपोआपच माझ्याकडे आला.

कारखान्यात माझी जोडणी झाली. मग ट्रकमधून घाट चढून मी इथे आलो आणि गुलसूनच्या चहाच्या दुकानासमोर उभा राहिलो. पहिल्या दिवशी लोकांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. त्यानंतरच्या हिवाळ्यात मात्र कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. लोक मला घोडे बांधायचे! फार वाईट वाटायचं. पुढे विजेच्या गाड्या वाढल्या आणि माझे दिवस पालटले.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी दहाला मेरिम आपल्या वर्षाच्या लेकीला, तूमारला, घेऊन गाडीने आली. तूमार नुकती उभी राहायला लागली होती. आमच्याकडे अशा मुलाच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधतात. पोरं शर्यत लावतात आणि जो पहिला येईल तो दोरा कापतो. मग मूल चालू लागतं. मेरिमची आजी बुरुल हिने लांब वरच्या वाडीत सगळी तयारी केली होती. दुसऱ्या दिवशी ती मेंढ्या घेऊन उन्हाळाभर डोंगरावर जाणार होती. म्हणजे कार्यक्रम त्याच दिवशी व्हायला हवा होता. त्यात दुरुस्तीसाठी बाराला वीज जाणार होती.

मेरिमने प्लग लावला, तोच शेरगाझी आजोबा आले. थोरल्यांना आधी मान द्यायचा, ही आमची रीत. मेरिमने लगेच प्लग काढला.

"आधी तुम्ही, आजोबा."

"राहू दे गं पोरी."

"असं कसं?"

आजोबांनी प्लग लावला. तेवढ्यात त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे ओरोझबेक आजोबा आले. शेरगाझींनी घाईघाईने प्लग काढला.

"आधी तुम्ही, दादा."

"छे छे, तूच लाव. मला कसली घाई!"

"तुमच्यापुढे मी लावू? लोक शेण घालतील तोंडात!"

दोघांचा आग्रह दीड तास चालला. गुलसूनने तीनदा चहा दिला. माझी वायर या हातातून त्या हातात जात होती, गाडीत काही शिरत नव्हती. मला ओरडावंसं वाटत होतं. तेवढ्यात बारा वाजले आणि माझा दिवा विझला.

मेरिमला रडू फुटलं. तिने कुठे जायचं होतं ते सांगितलं, तेव्हा दोन्ही आजोबांचे चेहरे पडले.

"अगं, मग बोलली का नाहीस?" शेरगाझी म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कुठे?"

आता तिन्ही गाड्यांत जेमतेम घरी जाण्यापुरती वीज होती. मेरिमने आजीला फोन केला. तासाभरात डिझेलचा एक खटारा ट्रक धूळ उडवत आला. त्यात पोरंटोरं होती, मटणाचं पातेलं होतं आणि पुढे बुरुल आजी बसली होती. उतरताच तिने दोन्ही म्हाताऱ्यांना फैलावर घेतलं.

"दाढ्या चार्ज करायला आला होतात का रे? माझ्या पणतीचा दिवस घालवत होतात!"

दोघे मान खाली घालून पातेलं उतरवू लागले.

तूमारला माझ्यापाशी उभं केलं आणि तिच्या पायांना दोरा बांधला. तिने माझी वायर घट्ट धरली. पोरं धावत सुटली. पहिल्या आलेल्या मुलीने दोरा कापला. तूमारने वायर सोडली आणि एक, दोन, तीन पावलं टाकत ती थेट पणजीच्या कुशीत पडली. सगळ्यांनी एकच गलका केला. मित्रांनो, इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. माझ्यात वीजही नव्हती त्या वेळी!

त्या दिवसापासून इथे येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "किती लांब जायचंय?" ओरोझबेक आजोबाही विचारतात. माझी काळजी घ्या, वायर चिखलात टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण माझ्यापुढे रांग लागली तर एकमेकांचं वय मोजण्याआधी वाट विचारा. आणि लांब जायचं असेल, तर लाजू नका, तोंड उघडून सांगा.